मिक्सरचं भांडं सिंकमध्ये जाऊच देऊ नका

ताई, नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, बँकेत नोकरी करते. सकाळी साडेनऊला घर सोडावं लागतं. घरात सासूबाई, मिस्टर आणि सातवीतला मुलगा. आमच्याकडे सकाळी एक तरी वाटण असतंच, शिवाय कूट, लसणाची चटणी, डब्यासाठी आणखी काही ना काही. घाईत मिक्सरची भांडी सिंकमध्ये टाकून मी निघते. मिस्टर जिमहून आले की केळं-दुधाचा शेक करतात, ते भांडंही तिथेच. सासूबाई सगळं बादलीत बुडवून ठेवतात आणि बारानंतर भांडीवाल्या मावशी येऊन तारेच्या घासणीने घासतात. मिक्सर दोनच वर्षांचा आहे, पण झाकणं पिवळी पडलीत, साबण लावला की उलट लाल दिसतात. मुलाच्या मिल्कशेकला लसणाचा वास येतो. चटणीच्या छोट्या भांड्याखालून हल्ली काळपट पाणी येतं. मोबाइलवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून पाहिलं. फेस भरपूर आला, फरक काही पडला नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या पाट्याला कधी वास आला नाही. मिस्टर म्हणतात, नवीनच घेऊन टाकू. मला सकाळी पाच मिनिटंही मोकळी मिळत नाहीत. झटपट स्वच्छ करायची काही पद्धत आहे का?

— एक वाचक, सांगली

तुमच्या पत्रातलं काळं पाणी मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभर थांबल्या तरी चालतील, ही थांबणार नाही. मिक्सरच्या भांड्याच्या तळातून पात्याचा दांडा खाली जातो. तो जिथून जातो तिथे एक बुश, म्हणजे दांड्याला आधार देणारी धातूची छोटी नळी असते, त्याला वंगण असतं आणि वरचं पाणी खाली उतरू नये म्हणून रबरी सील असतं. रिकामा मिक्सर मिनिटाला साधारण १८,००० ते २०,००० फेरे घेतो, वाटण घातलं की कमी. एवढ्या वेगात फिरणारा दांडा त्या इवल्याशा बुशावर पेललेला असतो. सील गेलं की वरचं पाणी बुशात उतरतं, वंगण धुऊन निघतं, धातू धातूवर घासायला लागतो. तुम्हाला दिसतंय ते काळं म्हणजे वंगण आणि झिजलेल्या धातूची पूड आहे. ते खाली गळतं तसं वर चटणीतही येऊ शकतं. म्हणून त्या भांड्यात आजपासून काहीही वाटू नका. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे ते एकटं भांडं न्या, मशीन नेण्याची गरज नाही. बुश, सील आणि पातं मिळून बदलून मिळतं आणि नव्या मिक्सरच्या मानाने खर्च फारच थोडा येतो. पातं हाताने फिरवून बघायला त्यांना सांगा. ते सहज फिरायला हवं, पण डुगडुगता कामा नये.

हे कशामुळे झालं, त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बादली. कढई, पातेलं, कुकर बुडवून ठेवलं तर घासणं सोपं जातं, आणि सासूबाईंचा हात त्याच भांड्यांवर बसलेला आहे. त्यांचं काही चुकत नाही. पण मिक्सरच्या भांड्याचा तळ म्हणजे यंत्राचा भाग आहे. तो दोन-तीन तास पाण्यात राहिला की पाणी खालच्या बाजूने बुशापर्यंत पोचतं, आणि रोज पोचतं. भांड्याच्या आत पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवलं तर काही बिघडत नाही. भांडंच पाण्यात घालायचं नाही.

आता मूळ प्रश्न. झटपट पद्धत आहे, आणि ती सासूबाईंच्या वाक्यातच दडलेली आहे. पाट्याला वास का येत नसे? पाट्यावर वाटण झालं की बाई तिथेच बसल्या जागी ओंजळभर पाणी पाट्यावर घालून, वरवंट्याला चिकटलेलं बोटांनी निपटून, ते सगळं वाडग्यात घेत असे आणि ते पाणी आमटीत जात असे. पाटा वाळायला वेळच मिळत नसे. म्हणजे पहिलं विसळणं हा स्वयंपाकाचाच भाग होता, भांडी घासण्याचा नव्हता. मिक्सर आला आणि आपण ती एक गोष्ट तेवढी सोडून दिली. वाटण चमच्याने काढतो, चार आण्यांचं वाटण पात्याखाली तसंच ठेवतो आणि भांडं सिंकमध्ये टाकतो. संध्याकाळपर्यंत त्याचं सिमेंट होतं.

तेव्हा उद्या सकाळी असं करा. कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत गेलं की भांडं खाली ठेवायच्या आधीच त्यात अर्धा पेला पाणी घाला, झाकण लावा, बटण उलट्या बाजूला फिरवून दोन झटके द्या. पात्याखालचं सगळं सुटून येतं. ते पाणी रश्शात ओता, नाहीतरी रश्शाला पाणी लागणारच असतं. रस्सा दाटही येतो. त्यानंतर भांड्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत साधं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, झाकण घट्ट धरून पंधरा-वीस सेकंद. ओतून द्या, नळाखाली एकदा आतून विसळा आणि ओट्यावर फडकं अंथरून त्यावर पालथं घाला. फोडणी सुगंध द्यायला लागते तोवर हे उरकतं. घासणी लागत नाही, पात्याजवळ बोटं न्यावी लागत नाहीत.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. लिक्विड दोन थेंबांवर घालू नका, फेस झाकणातून बाहेर येतो आणि मशीनवर उतरतो. आणि पाणी गरम घेऊ नका. बंद भांड्यात गरम पाणी फिरलं की वाफ धरते आणि झाकण उडतं. नुकताच परतलेला गरम कांदा-टोमॅटो वाटतानाही हाच धोका असतो, आणि चेहरा नेमका वर वाकलेला असतो. सकाळच्या घाईत कितीही उशीर झाला तरी कांदा ताटात पसरून पंख्याखाली निववा, मगच भांड्यात घाला.

काही वाटणं मात्र नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. शेंगदाण्याचं कूट करताना जरा जास्त फिरलं की तेल सुटतं आणि तळाशी लगदा बसतो. सुक्या खोबऱ्याचंही तसंच. तिथे आधी पाणी घालूच नका. मूठभर कोरडे तांदूळ घालून फिरवा. तांदळाचा रवा ते तेल ओढून घेतो, पात्याखालचा लगदा खरवडून काढतो आणि वासही बराचसा नेतो. दाण्याच्या कुटानंतरचा तो रवा थालीपिठाच्या पिठात घालता येतो. लसणाच्या चटणीनंतरचा असेल तर तिखट धिरड्यात छान लागतो. इडलीचं पीठ, भिजवलेली डाळ यांचं उलटं. त्यातला स्टार्च ओला आहे तोवर गार पाण्यात विरघळल्यासारखा निघून जातो, वाळला की खरवडावा लागतो. केळं-दुधाचंही तसंच, शिवाय आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात ते दूध दुपारपर्यंत आंबतं. म्हणून त्या भांड्याला गार पाणी, तेही लगेच.

वेळ वाचवायचा आणखी एक मार्ग धुण्यात नसून वाटण्याच्या क्रमात आहे, आणि नोकरी करणाऱ्या बायकांना तो मी आवर्जून सांगते. कोरडं आधी, ओलं नंतर. सौम्य आधी, उग्र शेवटी. साखर-वेलदोडा असेल तर तो पहिला, मग दाण्याचं कूट, मग खोबरं, मग ओलं वाटण, आणि लसूण-मिरची सगळ्यांच्या शेवटी. मधे मधे नुसतं कोरड्या फडक्याने पुसलं तरी चालतं, धुणं एकदाच. आदल्या रात्री कूट करून ठेवता आलं तर सकाळी एकच भांडं निघतं.

आता लसणाच्या वासाचं. तो भांड्यात नाही, झाकणात आहे. झाकणाच्या कडेला जो रबरी वायसर असतो तो काढून कधी बघितलाय का? नसेल तर आज काढा. चमच्याच्या दांड्याने एक कड उचलली की निघतो. त्याच्या खाचेत जुनं वाटण, साबण आणि बहुतेक वेळा काळी बुरशी सापडेल. स्टील वास धरून ठेवत नाही, रबर धरतं. दूध-केळं फिरताना त्या खाचेला लागतं आणि मुलाच्या शेकला लसूण लागतो तो तिथून. वायसर आठवड्यातून एकदा काढायचा, जुन्या टूथब्रशने साबण लावून घासायचा, खाचही घासायची, आणि दोन्ही पूर्ण कोरडी झाल्यावरच परत बसवायचा. ओला बसवला की बुरशी पुन्हा येते. काळे ठिपके रबरात मुरले असतील तर घासत बसू नका, वायसर सुटा मिळतो, नवीन आणा.

झाकण साबणाने लाल का दिसतं, हे तुम्ही फार नेमकं टिपलंय. हळदीतला करक्युमिन हा रंग क्षारधर्मी काही लागलं की लाल होतो. हळदीला चुना लावला की लाल होते आणि पूर्वी कुंकू त्याच गुणावर बनत असे, हे सासूबाईंना माहीत असेल. कपडे धुण्याचा साबण, वडी, खायचा सोडा हे सगळं क्षारधर्मी, म्हणून झाकण लालसर होतं. तो नवा डाग नसतो. पाण्याने नीट विसळल्यावर परत पिवळं दिसतं. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आपल्या सांगलीच्या पेठेतली राजापुरी हळद, जिच्या जोरावर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती रंगाला काय असते ते वेगळं सांगायला नको. तो रंग फोडणीच्या तेलाबरोबर झाकणाच्या प्लास्टिकमध्ये शिरतो आणि मग पाण्याला दाद देत नाही. त्याला तेलानेच बाहेर काढायचं. कापसाच्या बोळ्यावर थोडं गोडं तेल घेऊन झाकण आतून पुसा, दहा मिनिटं राहू द्या, बोळा पिवळा होतो ते दिसेल. मग लिक्विडने धुवा आणि झाकण उन्हात ठेवा. करक्युमिन उजेडात टिकत नाही. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात उडतो तो याच कारणाने. दोन-तीन दुपारी गच्चीवर घालवल्या की झाकण बरंच निवळतं. अगदी नव्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही, कारण तारेच्या घासणीने जे ओरखडे पडलेत त्यांत रंग खोल बसलेला असतो. उन्हात ठेवताना वायसर काढून घ्या, रबर कडक उन्हात ताठरतं आणि मग झाकण गळायला लागतं.

सोडा आणि व्हिनेगर तुम्ही एकत्र घातलंत. एक क्षार, एक आम्ल. दोघं एकमेकांना मारतात, फेस उडून जातो आणि खाली उरतं ते जवळजवळ खारट पाणी. सोडा वापरायचा तर एकटा, ओल्या फडक्यावर घेऊन चिकट तेलकट जागेवर. आंबट वापरायचं तर तेही एकटं. विश्रामबागेच्या बाजूला काही इमारतींत बोअरचं पाणी वापरायला असतं, तुमच्याकडे तसं असेल तर स्टीलच्या भांड्यावर पांढरट थर धरत असेल. पिळून झालेल्या लिंबाची साल आतून फिरवली की तो जातो. भांड्याच्या खालचा भाग काही मिक्सरला अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तिथे मात्र लिंबूही नको आणि सोडाही नको, काळा पडतो. ब्लीचिंगचं पाणी स्टीलला आणि रबराला दोन्हीला नको.

मशीनबद्दल थोडक्यात. रोज झाल्यावर पिन काढून, घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एक हात फिरवायचा, बस. त्यावर पाणी ओतायचं नाही. भांडं बसवायच्या आधी त्याचा तळ पुसायचा, कारण पालथ्या भांड्याच्या तळात साचलेलं पाणी थेट कपलरमधून, म्हणजे मशीनवरच्या ज्या दातेरी चकतीत भांडं अडकतं तिच्यातून, मोटरकडे उतरतं. आठवड्याला वायसर काढाल तेव्हाच कपलरच्या दातांतली घाण टूथब्रशने काढा. मशीन उलटं करून खालच्या जाळीत बघा, झुरळांना ती जागा फार आवडते. तिथेच बऱ्याच मिक्सरना एक लाल बटण असतं. वाटण फार घट्ट होऊन मिक्सर मधेच बंद पडला, तर तो जळाला असं समजून घाबरू नका. पिन काढा, वाटण थोडं कमी करा, मोटर निवू द्या, आणि ते बटण दाबून मग सुरू करा. हळकुंड मात्र घरच्या मिक्सरमध्ये कधी घालू नका, हौस म्हणूनसुद्धा. ते दगडासारखं असतं आणि पातं, कपलर दोन्ही घालवतं. आपल्या गावात हळद दळून द्यायला गिरण्या आहेत आणि उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्यासाठी डंक आहेत, ते काम तिथलंच.

राहता राहिला घरचा प्रश्न, आणि मला तो भांड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुमच्या पत्रात चार माणसं मिक्सर वापरतात किंवा हाताळतात, आणि तो स्वच्छ ठेवायची काळजी एकट्या तुम्हाला आहे. हे असं राहिलं तर कुठलीही झटपट पद्धत तुमच्याच डोक्यावर आणखी एक काम होऊन बसेल. घरात एकच नियम करा: ज्याने वाटलं त्याने विसळून पालथं घालायचं. मिस्टरांना शेक पेल्यात ओतल्यावर भांड्यात पाणी घालून बटण फिरवायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्यांना हे भांडणाच्या वेळी सांगू नका. रविवारी स्वतः करून दाखवा आणि लगेच त्यांच्याकडून करून घ्या. सातवीतला मुलगाही हे शिकू शकतो, फक्त पिन काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही एवढं आधी त्याच्या मनावर ठसवा.

सासूबाईंशी बोलताना बादलीपासून सुरुवात करू नका, पाट्यापासून करा. “आई, तुम्ही पाट्याचं पाणी आमटीत घालायचात ना, तसंच मी आता मिक्सरचं घालणार आहे,” असं म्हणा. त्या तुम्हाला दोन गोष्टी आणखी सांगतील, आणि त्या ऐकण्यासारख्या असतील. मग दुरुस्तीवाल्याकडून बुश बदलून आणाल तेव्हा जुनं, झिजलेलं बुश मागून घ्या आणि त्यांना दाखवा. पाण्यात ठेवल्याने आतून काय होतं हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की तुम्हाला काही सांगायची गरज उरणार नाही. मावशींना वेगळं काही समजावण्यापेक्षा मिक्सरची भांडी त्यांच्या ढिगात जाऊच देऊ नका. तुम्ही सकाळी पालथी घातलेली भांडी दुपारी सासूबाईंनी उचलून फळीवर ठेवली की तारेच्या घासणीचा प्रश्नच येत नाही. फळीवर ठेवताना झाकण घट्ट लावू नका, नुसतं तिरकं टेकवा, आत हवा खेळली पाहिजे.

नवीन मिक्सर घेण्याची गरज मला दिसत नाही. तुमचं मशीन नीट चालतंय, बिघडलंय ते एक भांडं. मिस्टरांना पैसे खर्च करायचेच असतील तर चटणीचं एक जादा भांडं आणा. एक फक्त लसूण-मिरचीचं आणि एक बाकी सगळ्याचं. शेकसाठी मोठं भांडं वेगळं असेलच, त्यात लसूण कधीही घालायचा नाही. आणि दुकानात जायच्या आधी मशीन उलटं करून खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या, नाहीतर जुनं भांडं सोबत न्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची भांडीसुद्धा कधी कधी एकमेकांच्या मशीनवर बसत नाहीत.